लहान गाडी आणि मोठा घाट

आगगाडीचे वेड लागले नाही असे मूल विरळाच. रुळांशेजारच्या गावातील मुलेच काय, पण ज्यांनी आगगाडी केवळ चित्रात पाहिली आहे अशी मुलेसुद्धा रिकाम्या काड्यापेट्या एकीला एक जोडून अंगणभर 'झुकझुक' करीत फिरतात. बहुतेकांचे हे वेड वयाबरोबर ओसरते. काहींचे मात्र ओसरत नाही. ती माणसे मोठेपणीही आगगाडीच्या चिमुकल्या प्रतिकृती बनवितात, त्यांच्यासाठी रूळ, सांधे, सिग्नल आणि पूल रचतात व आपल्यासारख्याच छांदिष्टांना भेटण्यासाठी दूरच्या गावी जातात. अमेरिकेत अशा हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना १९३५ साली स्थापन झाली. तिच्या अधिवेशनांतील एक प्रथा मला फार आवडते. तेथे जमलेले पाहुणे केवळ प्रतिकृती पाहत बसत नाहीत. आसपासच्या खऱ्या आगगाड्या, जुने पूल, कारखाने आणि इतर प्रेक्षणीय स्थळे पाहण्यासाठी त्यांच्या सहली निघतात.

असे एखादे अधिवेशन उद्या आपल्या पुण्यात भरले, तर पाहुण्यांना आपण काय दाखवावे? सहलीला निघणाऱ्या प्रत्येक शाळेलाही हाच प्रश्न पडतो. म्हणून मला सुचलेले उत्तर, मुलांनो, तुमच्यापुढे मांडतो.

आरंभ अर्थातच कोथरूड भागातील लघुरेल्वेच्या संग्रहालयापासून करावा. भाऊ जोशी यांनी आपल्या छंदातून उभारलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. खोलीतले दिवे मंद होतात, चिमुकल्या नगरातील दिवे उजळतात आणि गाड्या धावू लागतात, तेव्हा म्हातारी माणसेही क्षणभर मुले होतात. छंद कसा जोपासावा, याचा हा उत्तम पाठ आहे. परंतु माझे स्पष्ट मत असे, की जो येथूनच घरी परततो, त्याची सहल अर्धीच राहते. प्रतिकृती ही मूळ वस्तूकडे जाण्याची वाट आहे. वाटेवरच बसून राहणारा मुक्कामाला कसा पोहोचणार?

यासाठी एक गणित करून पाहा. जगात सर्वांत अधिक प्रचारात असलेल्या लघुरेल्वेचे प्रमाण १ : ८७ असे असते. पुण्या-मुंबईच्या मार्गावरील बोरघाटाची चढण सुमारे २५ किलोमीटर लांबीची आहे, आणि तेवढ्यात लोहमार्ग ५५० मीटरांहून अधिक उंची चढतो. या प्रमाणाने हा घाट हुबेहूब करावयाचा म्हटले, तर २८७ मीटर लांबीचे मेज लागेल आणि त्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन मजली घराएवढे उंच करावे लागेल! असा दिवाणखाना कोणाच्या घरी आहे? म्हणून प्रतिकृतीतला डोंगर नेहमी आखूड असतो आणि त्यातला बोगदा क्षणात संपतो. घाटाचे खरे मोठेपण घाटातच कळते.

तेव्हा दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना गाडीत बसवून लोणावळा, खंडाळा ओलांडून कर्जतपर्यंत न्यावे. या घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली तो वाहतुकीस खुला झाला. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल त्या वेळी बांधावे लागले. चढ इतका तीव्र, की काही ठिकाणी ३७ पावले पुढे जावे तो एक पाऊल उंच चढावे. आजही कर्जतला कित्येक गाड्यांना मागून जादा एंजिने जोडतात आणि ती गाडीला वर रेटतात. फलाटावर वडे विकणाऱ्यांची तेवढ्यात एकच धांदल उडते.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन याच घाटातून गेलो होतो. दोन दिवसांत आठ स्थळे उरकण्याचा आमचा बेत होता. गाडी बोगद्यातून बाहेर पडताच खिडकीशी बसलेल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे बोगदे कोणी खणले?" घड्याळाकडे पाहत मी म्हणालो, "इंग्रजांनी." मुलगा गप्प बसला. माझे उत्तर चुकले होते, हे मला फार उशिरा, वाचनाने समजले. आराखडा इंग्रज अभियंत्यांचा होता, यात संशय नाही. परंतु पहार आणि घमेले ज्यांच्या हाती होते, ती माणसे आपली होती. १८६१ साली या घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने, तापाने आणि दरडी कोसळून त्यांतील हजारो मेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदारही १८५९ साली येथे आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने धीराने ते कंत्राट पुरे करविले. तिचे नाव इतिहासाने जपले, हे योग्यच झाले. त्या हजारो मजुरांची नावे मात्र आज आपल्याला ठाऊक नाहीत.

घाट उतरल्यावर नेरळला जावे. तेथून सुमारे वीस किलोमीटरांचा माथेरानचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघे दोन फूट! डोंगर फोडीत जाण्याऐवजी ही चिमुकली गाडी घोड्याच्या नालासारखी वळणे घेत डोंगराची समजूत काढीत वर चढते. पावसाळ्यात मात्र नेरळहून ती निघत नाही, हे ध्यानात ठेवावे. सवड असल्यास मुंबईचे १८८७-८८ च्या सुमारास पुरे झालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही पाहावे; पण घाईने नव्हे.

परतताना मळवलीला उतरून कार्ल्याची लेणी पाहावीत. आगगाडीच्या सहलीत लेणी कशाला, असे कोणी विचारील. बोरघाटाची वाट आगगाडीहून फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातील बंदरांकडून देशावर येणारे व्यापारी याच डोंगरांतून ये-जा करीत. कार्ल्याच्या भव्य चैत्यगृहाच्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील सामी नावाच्या एका सुताराचे नाव आहे. त्याने दाराचे काम केले, असे तो लेख सांगतो. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव आपण आजही वाचू शकतो, आणि दीडशे वर्षांपूर्वी बोगदे खणणाऱ्यांपैकी एकाचेही सांगू शकत नाही! या दोन गोष्टी एकाच दिवशी पाहिल्या म्हणजे मनात जो विचार उभा राहतो, तीच माझ्या मते सहलीची खरी कमाई.

कोणी म्हणेल, मुले सहलीला मौज करावयास जातात. त्यांच्या माथी हे गंभीर विचार कशाला? मौज अवश्य करावी. गाणी म्हणावीत, वडे खावेत, बोगद्यात शिरताच आरोळीही ठोकावी. पण खिडकीशी बसलेल्या मुलाच्या मनात 'हे कोणी केले?' असा प्रश्न उमटला, तर त्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे. आठ स्थळे धावत पाहण्यापेक्षा तीन स्थळे डोळे भरून पाहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तुमच्यापैकी कोणी पुढे लघुरेल्वे बनविलीच, तर त्याला माझी एक विनंती आहे. १ : ८७ या प्रमाणात माणूस दोन सेंटीमीटरही भरत नाही. तुमच्या डोंगरावर, बोगद्याच्या तोंडाशी, हाती पहार घेतलेला एवढासा एक मजूर उभा करा. गाडी पाहावयास आलेला एखादा मुलगा विचारील, "हा कोण?" तेव्हा माझ्यासारखे घड्याळाकडे पाहू नका.