आपण आपल्याविषयी का लिहीत नाही?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनाचा आरसा, असे जवळजवळ प्रत्येक अंकाच्या संपादकीयात म्हटलेले असते. हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे, की ते खरे आहे किंवा नाही हे पाहण्याची कुणाला गरजच वाटत नाही. ते एकदा तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कोणत्याही महाविद्यालयाचा कोणताही अंक उघडा. अनुक्रमणिकेत तीन दालने ठरलेली असतात. पहिले सामाजिक प्रश्नांचे. त्यात 'हुंडा : एक सामाजिक कलंक', 'बेकारी : एक ज्वलंत समस्या' असे लेख. दुसरे वाङ्मयाचे. त्यात आवडलेल्या पुस्तकाचा परिचय. तिसरे अनुभवाचे. त्यात सहल, एन. एस. एस.चे शिबिर आणि कॉलेजचा पहिला दिवस. हे लेख वाईट असतात असे नाही. भाषा शुद्ध असते, विचारही चांगले असतात. पण लेखकाचे नाव आणि कॉलेजचे नाव झाकून वाचले, तर तो लेख नागापूरचा, कोल्हापूरचा की अमरावतीचा हे ओळखता येत नाही. आरशात चेहरा दिसतो खरा, पण तो आपला नसतो.

असे का व्हावे? आपल्या मुलांना लिहिता येत नाही म्हणून? मला तसे वाटत नाही. माझ्या मते याचे कारण ही तीन दालनेच आहेत. समाजाचा प्रश्न म्हणजे वर्तमानपत्रात असतो तो. वाङ्मय म्हणजे परीक्षेला असते ते. आणि अनुभव म्हणजे मौजेचा प्रसंग. अशी वाटणी आपण मनाशी पक्की करून टाकली आहे. ज्याच्या घरी हुंड्यापायी कर्ज झाले आहे, तो हुंड्यावरच्या लेखात घरातले एक अक्षर लिहीत नाही. आणि अनुभव लिहायला बसला की महाबळेश्वरला जातो.

आपल्या नगर जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. इथे जे लेखन टिकले, ते या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच टिकले. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण एका विद्यार्थिनीचे आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली नगरातून सुरू केले. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांच्या अंकांत एक निबंध दोन भागांत छापून आला. लेखिका होती मुक्ताबाई, पुण्याला फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, अवघी चौदा वर्षांची मुलगी. विषय होता मांग-महारांचे दुःख. वेदांवर एकट्या ब्राह्मणांचाच अधिकार असेल, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिने विचारला. आणि तिच्या समाजातली बाई बाळंत होते तेव्हा तिच्या घरावर छप्परसुद्धा नसते, हेही तिने लिहिले. विचार करा. धर्माविषयीचा प्रश्न एखाद्या पंडितानेही विचारला असता. पण छप्पर नसलेल्या घरातली बाळंतीण पंडिताला दिसली नसती. ती मुक्ताबाईला दिसली, कारण ती तिच्या वस्तीतली होती. आज मराठी साहित्याच्या इतिहासात त्या निबंधाला जे स्थान आहे, ते या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्यामुळे आहे. तो सामाजिक लेख म्हणावा, वाङ्मय म्हणावे की अनुभवकथन? आपल्या अनुक्रमणिकेत त्याला जागाच सापडणार नाही!

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या आणि रेव्हरंड टिळक यांच्या संसाराची कितीतरी वर्षे नगर आणि राहुरी येथे गेली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला, काही वर्षांनी पुन्हा जुळला. एवढ्या मोठ्या उलथापालथीवर 'धर्मांतर : एक समस्या' असा लेख कुणीही लिहिला असता. लक्ष्मीबाईंनी काय लिहिले? घरात काय शिजले, कोण रुसले, लुगडे कोणते होते, आणि स्वतःच्या मनातले सोवळे-ओवळे कसे गळून पडले ते. तेही घरात बायका बोलतात त्या मराठीत. जातीचा विचार माणसाच्या मनात कसा घर करून बसतो आणि कसा निघून जातो, हे समजायला त्या पुस्तकाइतकी चांगली वाट दुसरी नाही.

तिसरे उदाहरण दया पवारांचे. ते अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात शिकलेल्या दया पवाराला त्याच्यातलाच दगडू मारुती पवार आपली हकिगत सांगतो. ही रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. शिकून बाहेर पडलेला माणूस आपल्यातल्याच दगडूला बोलू देतो. आपण नेमके उलटे करतो. कॉलेजात आलो, चार ग्रांथिक शब्द शिकलो, की पहिल्यांदा आपल्यातल्या दगडूला गप्प बसवतो.

आता आपल्या नागापूरकडे पाहू. नगर-मनमाड रस्त्यावर औद्योगिक वसाहत झाली आणि गावाचे गावपण बदलले. एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. कुणी पाथर्डीचा, कुणी जामखेडचा, कुणी मराठवाड्यातला, कुणी थेट बिहारचा. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. गादी तीच, झोपणारे बदलतात. यातली काही मुले आपल्याबरोबर वर्गात बसतात. सकाळच्या तासाला मागच्या बाकावर कुणाचा डोळा लागला, तर तो आळशीच असेल असे नाही. रात्री तो मशीनवर उभा असू शकतो. 'कमवा आणि शिका' यावर आपल्या अंकात लेख सापडेल. पण रात्रपाळी करून कॉलेजला येणाऱ्याने स्वतः लिहिलेली दोन पाने सापडणार नाहीत.

पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी घरांतले लोक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. 'ऊसतोड कामगारांच्या समस्या' या लेखात आपण काय लिहितो? 'हा कामगार शिक्षणापासून वंचित आहे, शासनाने लक्ष द्यावे.' पण ज्याच्या घरचे तोडीला जातात, त्याला काय ठाऊक असते? मुकादमाकडून उचल किती घेतली आणि ती कशात खर्च झाली, हे त्याला ठाऊक असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून तोडीला जायचे तर लग्न झालेले बरे, असा हिशेब घरात कसा मांडला जातो, हे त्याने ऐकलेले असते. गावात आजीजवळ कोण राहिले, धाकट्याला सांभाळायला कोणत्या बहिणीला फडावर नेले, आणि तिची परीक्षा कशी बुडाली, हेही त्याने पाहिलेले असते. मुलींची लग्ने अठराच्या आत का होतात, याचे निम्मे उत्तर त्या 'कोयता' या एका शब्दात आहे. ते उत्तर कुठल्याही निबंधमाला पुस्तकात नाही. आपल्याच वर्गात कुणाजवळ तरी आहे.

माझ्या घरचे एक सांगतो. वडील सोळा वर्षे एका कारखान्यात कंत्राटावर आहेत. ठरावीक काळाने ठेकेदाराचे नाव बदलते. गेट तेच, मशीन तेच, वडीलही तेच. कागदावर मात्र ते दर वेळी नवे कामगार असतात. म्हणून सोळा वर्षांची नोकरी अशी कुठेच जमा होत नाही. 'कंत्राटी पद्धतीचे दुष्परिणाम' यावर मी पाच मुद्दे पाठ करून लिहू शकतो आणि त्याला गुणही मिळतात. पण आईने कपाटात एका पिशवीत जपून ठेवलेले निरनिराळ्या ठेकेदारांचे गेटपास पाहिले, की ते पाचही मुद्दे कमी पडतात.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की आमचे आयुष्य साधे, त्यात लिहिण्यासारखे काय आहे? ज्यांनी आयुष्यात शाळेचे तोंड पाहिले नाही, त्या लक्ष्मीबाईंना हा प्रश्न अडवू शकला नाही. आपल्याला तो का अडवावा? दुसरा आक्षेप भाषेचा. आमची बोली अशुद्ध, ती छापायची कशी? मला वाटते, व्याकरणाची चूक सुधारावी. पण 'आई म्हणाली' असे लिहिल्यावर आईच्या तोंडी पाठ्यपुस्तक घालू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. घरातले चव्हाट्यावर का मांडायचे? 'बलुतं' प्रसिद्ध झाल्यावर आपल्याच काही माणसांना ते रुचले नव्हते. हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. आपले दुःख सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण बहिणीचे दुःख सांगण्याचा अधिकार आधी तिचा आहे. म्हणून विचारावे. नाव बदलावे, खूण पुसावी, आणि नाही म्हटले तर लिहू नये. वरचे लिहिण्याआधी मी वडिलांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कंपनीचं नाव नको घालू. बाकी लिही. खोटं थोडंच हाय?" एवढ्या परवानगीने लेखणी किती मोकळी होते!

आणखी एक विषय आपल्या अंकांत फार जपून हाताळला जातो, तो जातीचा. 'प्राचीन काळी समाजात जातिभेद होता', 'संतांनी समतेचा संदेश दिला' अशी वाक्ये येतात. क्रियापद नेहमी भूतकाळी! ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली, त्याच नेवासे तालुक्यातल्या सोनईत २०१३ साली आंतरजातीय प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. २०१४ साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला ठार मारण्यात आले. २०१६ साली कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. हे सारे आपल्याच जिल्ह्यात घडले. त्यांतली दोघे तर शिकण्याच्या वयाची होती. जगली असती तर अशाच एखाद्या वार्षिकात कदाचित त्यांची कविताही आली असती.

या घटनांनंतर मोर्चे निघाले, भाषणे झाली, खटले चालले. पण जिथे निरनिराळ्या जातींची मुले-मुली रोज शेजारी बसतात ती जागा म्हणजे आपला वर्ग. तिथे आपण एकमेकांशी याविषयी काय बोललो? आडनाव विचारल्यावर पुढचा प्रश्न काय येतो, डबा कुणाबरोबर खाल्ला जातो, खोली भाड्याने मागायला गेल्यावर घरमालक काय विचारतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ते कुठे तरी लिहिले गेले पाहिजे. ज्या गोष्टी आपसांत लिहिता-वाचता येत नाहीत, त्या आतल्या आत कुजतात, आणि मग त्यांचा निकाल भलत्याच ठिकाणी, भलत्याच हत्यारांनी लागतो.

म्हणून वाङ्मय मंडळाला आणि संपादक मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. पुढच्या अंकात ही तीन दालने एकदा मोडून पाहावीत. सामाजिक लेखात लेखकाने स्वतः पाहिलेली निदान एक गोष्ट असलीच पाहिजे, अशी अट घालावी. पुस्तक-परीक्षणात ते पुस्तक आपल्या गावाला, आपल्या घराला कुठे भिडते, हे विचारावे. ज्याला नाव देता येत नाही, त्याचा लेख नावाशिवाय छापावा. आणि जो लिहायला बिचकतो, त्याच्याजवळ मित्राने बसून त्याचे ऐकून लिहून घ्यावे; पाळीवरून आलेल्या मुलाला निबंध लिहायला वेळ नसेल, पण चहा पिता पिता सांगायला दहा मिनिटे नक्की मिळतील.

यातून सगळेच लेखक होतील असे नाही. व्हायची गरजही नाही. पण विद्यार्थिमित्रहो, उद्या आपण नोकरीला लागू, कुणी शिक्षक होईल, कुणी तलाठी, कुणी पोलीस, कुणी सुपरवायझर. समोर उभ्या असलेल्या माणसाचे पुसटसे ऐकून त्यावर शिक्का मारायचा, की त्याचे नीट ऐकून घ्यायचे, याची सवय याच वयात लागते. चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली जे केले, ते वीस वर्षांच्या मुला-मुलींना आज जड जाऊ नये. तिच्याजवळ तीन वर्षांचे शिक्षण होते. आपल्याजवळ पंधरा वर्षांचे आहे.