शंभर वर्षांचे पीक, तीन वर्षांचा हिशेब

अमेरिकेच्या केंद्रीय शासनाने २०२५ मध्ये पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पाचे प्रस्ताव मांडले, तेव्हा फॉरेस्ट सर्व्हिस या वनखात्याच्या संशोधनावरील तरतूद, देशव्यापी वृक्षगणनेचे काम वगळता, जवळजवळ पुसून टाकण्याची शिफारस त्यांत होती. आयातशुल्काच्या गदारोळात या कलमाकडे आपल्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. परंतु जेथे विद्यापीठांनी आणि वनखात्याने मिळून एका जंगलाच्या प्रकृतीची साठ वर्षे अखंड नोंद ठेवली, त्याच देशात असा प्रस्ताव यावा, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तरी दृष्टिआड करू नये.

न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रुक हे सुमारे तीन हजार हेक्टरांचे वनक्षेत्र. शुगर मेपल, बीच, पिवळा बर्च अशा कठीण लाकडाच्या पानझडी वृक्षांचे. १९५५ मध्ये ते राखून ठेवले गेले, ते निव्वळ पाण्याच्या अभ्यासासाठी. १९६३ पासून डार्टमथ येथील हर्बर्ट बोरमन, जीन लायकेन्स आणि नॉय जॉन्सन या प्राध्यापकांनी वनखात्याच्या रॉबर्ट पियर्स यांच्या साहाय्याने तेथे एक साधी परंतु विलक्षण कल्पना राबविली. तळचा खडक पाणी झिरपू देत नाही. तेव्हा पाणलोटात पावसावाटे काय आले आणि ओढ्यावाटे काय गेले, हे मोजले की जंगलाचा जमाखर्च हाती येतो. दर आठवड्याला पावसाचे आणि ओढ्याचे पाणी बाटल्यांत भरावयाचे, तपासावयाचे आणि वहीत मांडावयाचे. कोणत्याही कचेरीतील हिशेबनीसाला शोभेल असे हे काम. त्यात दिपवून टाकणारे काहीच नव्हते.

१९६५-६६ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातील यच्चयावत झाडे पाडून तेथेच टाकण्यात आली आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक फवारून नवी पालवी फुटू दिली नाही. ओढ्याचे पाणी वाढले, ते अपेक्षितच होते. पण त्या पाण्यातून नायट्रेट आणि कॅल्शियम कित्येक पटींनी वाहून जाऊ लागले. जमिनीचे भांडवल झाडांनीच धरून ठेवलेले असते, याचा हा रोकडा पुरावा होता. त्याच बाटल्यांनी दुसरी गोष्ट उघडकीस आणली. त्या निर्मळ डोंगरावर पडणारा पाऊस चक्क आम्लयुक्त होता! शेकडो मैल दूरच्या कोळशावरील वीजकेंद्रांचे धुराडे त्याला कारणीभूत होते. १९७२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि १९९० मध्ये गंधकाच्या धुरावर मर्यादा घालणारा कायदा आला. त्या कायद्याखालील प्रदूषण-परवान्यांच्या खरेदीविक्रीचे गोडवे आमची पाठ्यपुस्तके आजही गातात. ओढ्याकाठी बाटल्या भरणाऱ्यांचा उल्लेख मात्र त्यांत सहसा नसतो.

कथा येथे संपली असती तर सोयीचे झाले असते. गंधक घटले, तरी जंगल सावरेना. आम्लाने मातीतील कॅल्शियम आधीच धुऊन नेले होते. तेव्हा १९९९ मध्ये सुमारे बारा हेक्टरांच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकण्यात आल्या. शुगर मेपलची पाने भरली, रोपटी तग धरू लागली. पण सुमारे दशकभरानंतर त्याच ओढ्यातून नायट्रोजन अधिक प्रमाणात निसटू लागल्याचे आढळले. संशोधन तीन वर्षांत आटोपले असते, तर ‘कॅल्शियम टाका’ असा निष्कर्ष छापून मंडळी मोकळी झाली असती.

आता हिशेबाकडे वळू. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य शेकडा दोन दराने १३ रुपये ८० पैसे भरते. शेकडा सहा दराने ते २९ पैशांवर येते. मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्याने वनभूमीच्या मूल्याचे गणित १८४९ मध्येच मांडले होते. त्या गणितात चूक नाही. परंतु त्यावर विसंबून जंगल राखले जात नाही. पूर्व अमेरिकेतील अशी जंगले बव्हंशी खासगी कुटुंबांच्या मालकीची आहेत. चांगली तेवढी झाडे विकून वेडीवाकडी, किडकी मागे ठेवण्याचा मोह तेथे जुनाच आहे. मालकाच्या हयातीत नफा, नातवाच्या वाट्याला खुरटे रान.

संशोधनाचा खर्च लाकूड व्यापाऱ्यांनी उचलावा, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात १९९८ पासून अक्रोड, ओक यांच्या सुधारित वाणांवर वनखात्यासह काम चालते आणि त्यात उद्योगही सहभागी असतो. सुधारित रोप विकता येते, म्हणून त्यासाठी गिऱ्हाईक सापडते. पावसाच्या बाटलीला गिऱ्हाईक नसते. तिचा लाभ सर्वांनाच मिळतो, आणि म्हणूनच तिची किंमत द्यावयास कोणी एकटा पुढे येत नाही. सार्वजनिक वस्तूची याहून स्वच्छ व्याख्या मला वर्गातही देता येत नाही.

या साऱ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. अमेरिकन फॉरेस्ट सर्व्हिसचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो यांनी तरुणपणी ज्यांचे मार्गदर्शन घेतले, ते डीट्रिख ब्रँडिस हे १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले होते, आणि त्याआधी त्यांनी ब्रह्मदेशातील सागवानावर काम केले होते. सागही कठीण लाकडाचाच. त्याला तोडणीयोग्य व्हावयास दोन पिढ्या लागतात. आपल्या प्राध्यापकाचा संशोधन-प्रकल्प मात्र बहुधा तीन वर्षांचा. प्रकल्प संपला की अहवाल कपाटात आणि मोजणीच्या खुणा पालापाचोळ्यात.

गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे आणि सागवन त्याच्या दारातच आहे. वनखात्याने तेथे एखादा पाणलोट कायमचा नेमून द्यावा. विद्यापीठाने त्याची नोंदवही एखाद्या व्यक्तीच्या नव्हे, तर विभागाच्या नावे उघडावी; आणि प्राध्यापक निवृत्त होताना ग्रंथालयाच्या पुस्तकांप्रमाणे ती वहीही पुढच्याच्या स्वाधीन केल्याचा दाखला त्याच्याकडून मागावा.