बॅकलॉग एकच ठेवा, गड्यांनो!

'बॅकलॉग' म्हटलं की इंजिनिअरिंगवाल्यांच्या पोटात गोळाच येतो. एम-थ्री राहिलाय, यंदा तरी निघेल का? घरी वडिलांना विचारा, ते म्हणतील बॅकलॉग म्हणजे अनुशेष. विदर्भाचा अनुशेष ऐकत तर ते मोठे झाले. पण तिसराही एक बॅकलॉग असतो आणि तो तुम्हाला पहिल्या नोकरीत भेटणार आहे.

सॉफ्टवेअरमध्ये अजून काय काय करायचंय, त्याची क्रमवार यादी म्हणजे प्रॉडक्ट बॅकलॉग. सगळ्यात गरजेचं काम सगळ्यात वर. छोटी टीम वरची कामं उचलते, महिन्याभराच्या आतल्या 'स्प्रिंट'मध्ये पुरी करते, दाखवते, मग पुढची घेते. या पद्धतीला स्क्रम म्हणतात. एक टीम असली तर सोपं आहे. पण तीन झाल्या तर? माझं मत स्पष्ट आहे: टीम कितीही असू द्या, यादी एकच हवी.

काहून? कापसाचंच बघा. हमीभावानं कापूस विकायचा तर 2025 च्या हंगामापासून सीसीआयच्या 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आली. समजा, असंच एखादं अ‍ॅप तुमच्या कॉलेजातले तीन ग्रुप मिळून बनवताहेत. एकाकडे नोंदणी, दुसऱ्याकडे विक्रीच्या तारखेचं बुकिंग, तिसऱ्याकडे पैशांचा हिशेब. प्रत्येकाची यादी वेगळी. नोंदणीवाल्यांचं काम लवकर आटोपलं, म्हणून ते डार्क मोड करत बसले. बुकिंगवाल्यांना सातबाऱ्याची तपासणी नोंदणीवाल्यांकडून हवी होती, पण ती त्यांच्या यादीत सतरावी. हिशेबवाले नुसतेच थांबलेले. सबमिशनच्या दिवशी तिघंही म्हणणार, "सर, आमचं झालं." प्रत्येक टीम पास, अ‍ॅप नापास. आणि शेतकरी? त्याला तारीख मिळालीच नाही.

यादी एक असती तर सगळ्यात वर लिहिलेलं असतं: शेतकऱ्याला तारीख मिळाली पाहिजे. मग डार्क मोड बाजूला पडला असता.

हे काही मी शोधलेलं नाही. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या 2020 च्या 'स्क्रम गाइड'मध्येच आहे, की एका प्रॉडक्टवर अनेक टीम असतील तर त्यांचं ध्येय, बॅकलॉग आणि प्रॉडक्ट ओनर एकच असावेत. आणि हा ओनर म्हणजे एक माणूस, समिती नव्हे.

"एकाच्याच हातात सगळं? ही तर दादागिरी झाली!" असं वाटेल. पण यादीत भर कोणीही घालू शकतो, बारकावे टीमनी थेट शेतकऱ्याशी बोलून समजून घ्यावेत. फक्त क्रम एकानं ठरवायचा, तोही कारण सांगून. गॅदरिंगच्या मीटिंगा आठवा. प्रत्येक कमिटीचं काम 'अर्जंट' असतं आणि आदल्या रात्री माइकच नसतो.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या कंपनीत दोन टीमनी ओटीपीची एकच स्क्रीन दोनदा बनवली. एका टीमची आठवड्याभराची मेहनत डिलीट झाली. पोरं दोन्हीकडची हुशार होती, याद्या मात्र दोन होत्या.

म्हणून यवतमाळात असा की पुसदला, फायनल इयरला हे करून बघा. तीन ग्रुपनी मिळून एकच विषय घ्या. मार्क वेगळे मिळतात, म्हणून गाइड सरांशी आधीच बोलून ठेवा. यादी एकाच शीटवर ठेवा. आठवड्यातून तासभर प्रत्येक ग्रुपमधून एकदोघं बसा, वरची कामं बघा, कोण कोणासाठी अडलंय ते विचारा. आणि 'झालं' याचा अर्थ तिघांनी एकच ठरवा: सगळं जोडून फोनवर चाललं, तरच झालं.

मुलाखतीत 'स्क्रम येतं' असं सगळेच सांगतात. दुसऱ्या टीमसाठी आपलं आवडतं काम बाजूला ठेवलं होतं, हे सांगणारे थोडे असतात. अ‍ॅप तयार झालं की फोन आधी घरच्यांच्या हातात द्या. आत किती टीम होत्या, हे त्यांना कळायचंही कारण नाही.