कोठडी म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे

"दोन दिवस आत बसवा साहेब, आपोआप सुटेल त्याची दारू." नवऱ्याच्या पिण्याने गांजलेली बाई हे म्हणते, म्हातारी आई म्हणते, कधी शेजारीपाजारीही म्हणतात. अड्याळ-पवनी भागातल्या वस्त्यांमध्ये काम करताना हे वाक्य माझ्या कानावर नेहमी येते. त्यामागचा संताप खरा आहे. रोजी बुडते, पोरांची फी राहते, घरात मारहाण होते, तेव्हा माणूस आणखी काय म्हणणार? पण हा उपाय चुकीचा आहे, आणि एखाद्या वेळी तो जिवावर बेतू शकतो.

या संदर्भात एका परदेशी गायकाचे आत्मकथन आपल्याला बरेच शिकवून जाते. रँडी ब्लाइद हा अमेरिकेतील 'लॅम्ब ऑफ गॉड' या हेवी मेटल बँडचा गायक. भीमगीते आणि कव्वाली ऐकणाऱ्या आपल्या कानांना त्याचे गाणे म्हणजे नुसता आरडाओरडा वाटेल. पण २०१५ साली आलेले त्याचे 'डार्क डेज' हे पुस्तक दारूशी झगडणाऱ्या कोणत्याही घराला आपले वाटावे असे आहे.

मे २०१० मध्ये चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथे या बँडचा कार्यक्रम झाला. गर्दीतला एक १९ वर्षांचा तरुण मंचावर चढला आणि मंचावरून खाली पडला. त्याच्या डोक्याला मार लागला आणि पुढे काही आठवड्यांनी तो मरण पावला. बँड तोवर निघून गेला होता. ब्लाइदला या मृत्यूची खबर नव्हती. दोन वर्षांनी, जून २०१२ मध्ये, तो पुन्हा प्रागला उतरला तेव्हा विमानतळावरच त्याला अटक झाली. तरुणाला मंचावरून ढकलल्याचा आरोप त्याच्यावर होता. पांक्राट्स नावाच्या जुन्या तुरुंगात त्याला ठेवले. नाझी राजवटीत याच तुरुंगात हजाराहून अधिक लोकांचा शिरच्छेद झाला होता. भाषा अनोळखी, देश परका, आणि आरोप सिद्ध झाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आधी चाळीस लाख क्राउन जामीन ठरला, तो भरल्यावरही सुटका झाली नाही, रक्कम दुप्पट झाली. पाच आठवड्यांहून अधिक काळ तो आत होता.

आता आपल्या कामाची गोष्ट. ब्लाइद अनेक वर्षे अट्टल दारू पिणारा होता. पण त्याने दारू सोडली ती ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे अटकेच्या जवळपास पावणेदोन वर्षे आधी. हा क्रम नीट लक्षात घ्या. त्याची दारू तुरुंगाने सोडवली नाही. उलट दारू आधीच सुटली होती, म्हणून त्याला तुरुंग सोसता आला. डोके ठिकाणावर होते म्हणून तो रोज लिहीत राहिला, सोबतच्या कैद्यांशी माणुसकीने वागला आणि आपल्या खटल्याचा शांतपणे विचार करू शकला.

तोच माणूस रोज पिणारा असता आणि तसाच कोठडीत गेला असता, तर काय झाले असते? हे मी नर्स म्हणून सांगते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आल्यासारखे वाटते, माणूस ओळख विसरतो, ताप चढतो. ही अवस्था उपचाराविना जीवघेणी ठरते. बघणारे म्हणतात, "नाटक करतोय." कोणी म्हणते, "भूतबाधा झाली." ते नाटकही नसते आणि भूतही नसते. तो मेंदूचा आजार असतो. त्यावर औषध आहे, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शनही वेळेवर लागते.

म्हणून माझे सांगणे असे. घरातल्या रोज पिणाऱ्या माणसाला कोणत्याही कारणाने अटक झाली, तर पहिल्याच दिवशी पोलिसांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हा रोज किती पितो, शेवटची कधी प्यायला, आधी कधी झटके आले होते का. लाजू नका. अटकेतील माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच बजावले आहे. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. आणि घरी कोणी एकदम दारू सोडायची ठरवली तरी हाच नियम. आधी सरकारी दवाखाना, मग निश्चय.

दुसरा गैरसमज कलावंतांविषयीचा. आपल्या झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम आला की रात्रभर प्रयोग चालतात. ऑर्गनवाला, तबलजी, गायक, वरातीतला बँडवाला, जयंतीच्या मिरवणुकीतला ढोलवाला, सगळ्यांना कोणी ना कोणी पव्वा पुढे करतोच. वर "घेतल्याशिवाय रंग चढत नाही" हे आहेच. ब्लाइदने कोठडीत, एक थेंबही न घेता, गाणी लिहिली. त्याच्या कोठडीचा क्रमांक ५१२ होता आणि त्याच नावाचे गाणे पुढे बँडच्या २०१५ च्या अल्बममध्ये आले. गाणे दारूतून येत नाही. ते गाणाऱ्याच्या आत असते. दारू फक्त गळा आणि आयुष्य दोन्ही बिघडवते. आपल्या गायकाला मानधन द्या, जेवण द्या, राहायला जागा द्या. बाटली देऊन त्याचा सन्मान होत नाही.

पुस्तकातला तिसरा धडा मला सर्वांत मोठा वाटतो. जामिनावर सुटून ब्लाइद अमेरिकेत परतला. मनात आणले असते तर तो तिथेच राहिला असता. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये तो खटल्यासाठी स्वतःहून प्रागला गेला. एक पोरगा मेला आहे, त्याच्या घरच्यांना उत्तर मिळाले पाहिजे, ही त्याची भूमिका होती. मार्चमध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. नैतिक जबाबदारी त्याच्याकडे जाते, पण गुन्हा त्याचा नाही, असे न्यायालयाने म्हटले. मंचाची सुरक्षा सांभाळणाऱ्यांवरही ठपका ठेवला. जूनमध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल कायम केला.

पंचशीलातील पाचव्या शीलात नशेला दोष दिला आहे तो ती प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे कारण आहे म्हणून. ब्लाइद काही बौद्ध म्हणून हे वागला नाही. पण शुद्धीवर राहिलेला माणूस पळवाट शोधण्याऐवजी समोर उभा राहतो, हे त्याच्या वागण्यात दिसते. आपण विहारात दर वेळी म्हणतो ते पाचवे शील म्हणजे निव्वळ 'पिऊ नका' एवढेच नाही. आपल्या कृतीचे उत्तर देता येईल इतके जागे राहा, असा त्याचा अर्थ आहे.

मग करायचे काय? शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात ती नाही. त्यामुळे कायद्याची वाट बघत न बसता उपचाराची वाट धरावी लागेल. गांजा, गर्द अशा अमली पदार्थांच्या बाबतीत कायदाही मदत करतो. थोड्या मात्रेच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल, तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकते. वकिलाला हे कलम जरूर विचारा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मानसिक आधारासाठी १४४१६ आहे. दोन्ही क्रमांकांवर फोन मोफत लागतो. हे दोन क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि माणूस कोठडीतून किंवा केंद्रातून परत येतो तो दिवस सर्वांत धोक्याचा. जुने मित्र "सुटलास, चल बसू" म्हणत दारातच उभे असतात. त्या दिवशी महिला मंडळाने आणि विहाराच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या घरी जावे, चहा प्यावा, त्याला दुसऱ्या दिवशीचे एखादे काम द्यावे. त्याच्याशी बोलताना मागचे उकरून काढू नये. आजारी माणूस बरा होऊन आला आहे, एवढेच धरून चालावे. हे पोलीस करू शकत नाहीत. हे आपल्यालाच करावे लागेल.

जयभीम!