थंडीला दोष देऊ नका, ट्रॅक्टर दुरुस्त करा



राजनाल्याचं पाणी सुटलं की उन्हाळी भाताची चिखलणी. जुना मिनी ट्रॅक्टर पहाटे चालू झाला नाही, की आपण म्हणतो "थंडी आहे". मला हे पटत नाही. माथेरानच्या पायथ्याला थंडी पडून पडून किती पडणार? 12-15 अंशांत धडधाकट डिझेल इंजिन चालू झालंच पाहिजे. दोष बहुतेक वेळा पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्येच असतो.

आधी हे बघा:
1) बॅटरी: टर्मिनलवरचा पांढरा थर साफ करा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर.
2) डिझेल: टाकीच्या तळाचं पाणी काढा, फिल्टर बदला, लाईनमधली हवा काढा.
3) हीटर प्लग असतील तर मेकॅनिककडून तपासून घ्या.

सेल्फ एका वेळी 10 सेकंदच मारा, मग थोडं थांबा. इथरचा स्प्रे नकोच. तापलेल्या हीटर प्लगमुळे तो अवेळी पेटतो, रिंग-पिस्टन फुटू शकतात.

"धक्का मारला की होतो चालू" म्हणून दुरुस्ती पुढे ढकलू नका. भर चिखलणीत बंद पडला, तर भाड्याचा ट्रॅक्टर तेव्हा सगळ्यांनाच हवा असतो.

– आपला कृषी सल्लागार