कोर्टावर दिवे हवेत, पण कोणासाठी?

परवा आमच्या भिशीत विषय निघाला तो शेजारच्या मुलीचा. नववीत आहे, टेनिस छान खेळते. सध्या मात्र रॅकेट कपाटावर पडलीय. शाळा, क्लास उरकून ती कोर्टावर पोचते साडेपाचला, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंग मोकळं होईपर्यंत चेंडू दिसेनासा! मुलं रस्त्यावरच्या दिव्याखाली काहीबाही खेळत राहतात, हिला आईचा फोन येतो, "निघ बाई आता." उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. आपल्या नगरच्या उन्हात सहाच्या आधी कोर्टावर पाऊल ठेववत नाही, आणि जरा वारं सुटलं की अंधार.

म्हणून सावेडीतल्या आम्ही काही जणींनी ठरवलंय, सार्वजनिक कोर्टावर रात्री खेळता येईल असे दिवे मागायचे.

"हे श्रीमंतांचे चोचले," एका काकांनी लगेच सुनावलं. मग मी घरच्यासारखाच हिशेब मांडला. एका कोर्टाला तीनशे वॅटचे आठ एलईडी दिवे धरले तर भार २.४ किलोवॅट. आपल्या गिझरपेक्षा जरासा जास्त. दोन तास खेळलं तरी पाच युनिट जळत नाहीत. जुने मेटल हॅलाइडचे दिवे वीज गेली की पुन्हा पेटायला बराच वेळ घ्यायचे, एलईडीला ती कटकट नाही. खांबांचा खर्च मोठा आहे, हे कबूल. पण तो एकदाच. खांब कोर्टाच्या लांब बाजूंना हवेत. खेळाडूच्या समोर आले तर सर्व्हिस करताना डोळे दिपतात. आणि दिव्यांची तोंडं खाली असावीत, शेजाऱ्यांची झोप का मोडायची?

काका गप्प बसले. माझी खरी काळजी मात्र पुढचीच आहे.

पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये २०२० साली दिवे आले आणि २०२१ पासून मुख्य कोर्टावर रात्रीचा खास सामना सुरू झाला. रात्री एकच सामना. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी त्यात बायकांचा एकही नव्हता! अमेरिकेत १९७५ पासून रात्री खेळतात. तिथे मुख्य कोर्टावर संध्याकाळी बहुधा एक सामना पुरुषांचा, एक बायकांचा असतो. दिवे दोन्हीकडे आहेत, फरक आहे तो वेळापत्रकात.

लांब कशाला जायचं? आमच्या ओळखीच्या एका मैदानावर दिवे लागले. महिन्याभरात तिथे रोज रात्री टेनिस बॉल क्रिकेट. आधी तिथे फेऱ्या मारणाऱ्या बायका हळूहळू येईनाशा झाल्या. कोणी त्यांना हाकललं नाही हो. पण चेंडू अंगावर येतो, कडेला गाड्या लावून टोळकी बसतात, मग कोण जाणार?

तेव्हा मैत्रिणींनो, दिव्यांबरोबर वेळही मागून घ्यायला हवी. आठवड्यातले तीन दिवस सात ते आठ मुलींसाठी, आणि त्यापुढचा तास आपल्यासाठी. हसू नका! सकाळी डबे, दुपारी पाहुणेरावळे. आपला म्हणावा असा तास मिळतो तो रात्रीचा कुकर उतरल्यावरच. मी चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा रॅकेट धरली. चेंडू अजून जाळीतच जातो, पण त्या रात्री झोप काय लागते म्हणून सांगू!

अर्ज लिहून झालाय, सह्या चालू आहेत. त्या नववीतल्या मुलीच्या आईकडे गेले, तर पेन हातात घेऊन तिने विचारलं, "कोर्टापासून मेन रोडपर्यंतचा रस्ता? तिथे दिवे लागतील ना?"

आमच्या अर्जात हा मुद्दा सगळ्यात शेवटी होता. घरी येऊन मी कागद बदलला आणि तो पहिल्या नंबरवर घेतला. मग तिने सही केली.