माकडाच्या डोळ्यात पाहिलेले ऋतुचक्र

शाळेत रजेचे अर्ज वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. वरच्या वर्गांतील काही मुलींच्या अर्जांत 'घरगुती कारणास्तव' हे शब्द महिन्याच्या अंतराने पुनःपुन्हा भेटतात. त्यांचा अर्थ अर्ज लिहिणाऱ्या वडिलांना ठाऊक असतो, वाचणाऱ्या मुख्याध्यापकालाही असतो. उच्चार मात्र कोणी करीत नाही. अशाच एका मुलीची आजी आमच्या घरी आली असता सौ.जवळ म्हणाली, "अंगातली घाण जाते हो ती, चार दिवस पोरीनं बाजूला बसलेलंच बरं." आजींच्या या समजुतीला उत्तर द्यावयाचे तर तो स्राव मुळात येतो कोठून आणि का, हे पाहिले पाहिजे.

हे कोडे उलगडण्याच्या कामी शास्त्रज्ञांना फार उपयोगी पडले ते आपल्या उत्तर भारतातील लाल तोंडाचे माकड. गाय, ससा, कुत्रा या प्राण्यांत मासिक पाळी नसते. कुत्री माजावर येताना तिला रक्त जाते खरे. पण ते स्त्रीबीज सुटण्याच्या आधीचे, म्हणजे निराळ्या कारणाचे. माकडीण मात्र स्त्रीप्रमाणेच सुमारे २८ दिवसांनी ऋतुमती होते.

१९२७ च्या सुमारास अमेरिकेत एडगर ॲलन यांनी अंडाशय काढलेल्या माकडिणींना अंडाशयातील संप्रेरक टोचले आणि काही दिवसांनी ते थांबविले. थांबविताच रक्तस्राव झाला. म्हणजे स्राव होतो तो संप्रेरकाचा आधार सुटल्यामुळे. पण हे सारे घडते पोटाच्या आत. डोळ्यांनी पाहावे कसे? जे. ई. मार्की यांनी माकडिणीच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे बारीक तुकडे तिच्याच डोळ्याच्या पुढच्या भागात, पारदर्शक पडद्यामागे रुजविले. ते तेथे जगले, अंडाशयाच्या हुकुमानुसार वाढले आणि पाळीच्या वेळी तेथेही रक्त आले. हे संशोधन १९४० साली प्रसिद्ध झाले. या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जीवांनी मोजली, हे विसरू नये. १९७८ साली भारताने या माकडांची निर्यात बंद केली.

मार्कींना जे दिसले त्याचा सारांश असा. पाळी संपली की अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवू लागते. त्याने एकदोन मिलिमीटर उरलेले अस्तर पुन्हा जाड होत जाते. चक्राच्या मध्यास स्त्रीबीज सुटते आणि ते जेथून सुटले तेथे पीतपिंड तयार होऊन प्रोजेस्टेरोन देऊ लागतो. आता अस्तराची वाढ थांबते, त्याच्या ग्रंथी पोषक रसाने भरतात आणि मळसूत्रासारख्या रक्तवाहिन्या अधिकच वेटोळ्या होतात. येणाऱ्या गर्भासाठी केलेली ही अंथरूण-पांघरुणाची तयारीच. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांनी पीतपिंड सुकतो, दोन्ही संप्रेरके उतरतात, वाहिन्या आखडतात, अस्तर फिके पडते आणि वरचा थर रक्तासह गळतो. खालचा थर शाबूत राहतो व त्यातूनच नवे अस्तर उगवते. एका पाळीत जाणारे रक्त साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे असते.

आता सांगा, यात घाण कोठे आहे? जे गर्भाचे पोषण करावयाचे, तेच वापरले न गेल्यामुळे बाहेर येते. पहिल्या न्हाणाला मुलीला मखरात बसवावयाचे आणि पुढे दर महिन्याला 'कावळा शिवला' म्हणून कोपऱ्यात, ही आपल्या जुन्या घरांची रीत तर्काला धरून नव्हती.

घरात सत्यनारायण वा लग्न असले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात, त्याही याच नियमावर चालतात. गोळी प्रोजेस्टेरोनचे काम करीत असते तोवर अस्तर टिकते. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण अशी गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. काही स्त्रियांना तिच्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आयांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पाळी सुरू झाल्यावर पहिली एकदोन वर्षे पुष्कळदा स्त्रीबीज न सुटताच स्राव होतो. जॉर्ज कॉर्नर यांनी हे माकडिणीत १९२३ साली दाखविले होते. म्हणून त्या काळात पाळी मागेपुढे झाली तर नवससायास नकोत. मात्र स्राव सात दिवसांवर लांबला, तासातासाला कापड बदलावे लागले, मुलगी फिकट दिसू लागली, तर डॉक्टरांकडे न्यावे. आणि पाळी कायमची गेल्यावर वर्षभराने पुन्हा थोडेही रक्त दिसले, तर संकोच न करता त्वरित तपासून घ्यावे. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पुष्कळदा याच खुणेने कळतो, आणि वेळीच कळल्यास बहुधा बरा होतो. संकोचाने मौन पाळणाऱ्या घरांत हीच वेळ हुकते.

त्या आजींना सौ.ने हे सारे आपल्या शब्दांत सांगितले. त्यांना किती पटले, न कळे. पण पुढल्या महिन्यात त्यांच्या नातीचा अर्ज आला नाही. ती वर्गात होती.